व्ही-मॉडेलमध्ये कोड हातात येईपर्यंत टेस्टरने नेमकं काय करायचं?

हिंजवडी_फेज३

नमस्कार मंडळी. आतापर्यंत मगरपट्ट्यात एका विमा कंपनीच्या वेबसाइटचं मॅन्युअल टेस्टिंग करत होतो. दोन आठवड्यांचा स्प्रिंट असायचा. स्टोरी (एका छोट्या फीचरची मागणी) आली की टेस्ट केस लिहायच्या, बग टाकायचे, रिलीज झालं की पुढचा स्प्रिंट. आता गाड्यांच्या ईसीयूचं, म्हणजे गाडीतल्या छोट्या कंट्रोल कॉम्प्युटरचं, सॉफ्टवेअर करणाऱ्या टीममध्ये आलोय. दारातल्या पॉवर विंडोच्या कंट्रोलरवर काम आहे.

आल्या आल्या लीडने बोर्डवर मोठा व्ही काढून दाखवला. डावीकडे वरून खाली रिक्वायरमेंट, सिस्टिम डिझाइन, सॉफ्टवेअर आर्किटेक्चर, डिटेल्ड डिझाइन. टोकाला कोडिंग. उजवीकडे खालून वर युनिट टेस्ट (कोडचा एकेक तुकडा), इंटिग्रेशन टेस्ट (तुकडे जोडून), सिस्टिम टेस्ट (पूर्ण यंत्रणा), ॲक्सेप्टन्स (ग्राहकाच्या गरजेप्रमाणे). हे सगळं कॉलेजात परीक्षेपुरतं पाठ केलं होतं आणि तेव्हाच सरांनी सांगितलं होतं की आता हे कोणी वापरत नाही.

अडचण अशी की कोड यायला अजून बरेच महिने आहेत. मला सांगितलंय, "तोवर सिस्टिम टेस्ट लिहायला घे." पण पाहायला स्क्रीन नाही, बोर्ड नाही, काहीच नाही. कशावरून लिहू? हा वॉटरफॉलच (एक पायरी पूर्ण संपवून मगच पुढची) मधोमध दुमडलेला आहे ना? आणि युनिट टेस्टवाल्या टीमचा रिपोर्ट पाहिला तर आधीच्या प्रोजेक्टला कव्हरेज (टेस्ट चालवताना कोडचा किती भाग चालला ते) शंभर टक्के. टेस्ट टूलच बनवून देतं म्हणे. सगळं खालीच तपासलं जात असेल तर वर आम्ही काय नवीन शोधणार?

मी सगळ्यांपेक्षा लहान असणार, अरे-तुरे केलंत तरी चालेल.

बेंचवाली_कोथरूड

तुझ्याच पॉवर विंडोवर बोलू, म्हणजे गोष्टी हवेत राहणार नाहीत. दारं, काचा, वायपर, सीट यांच्या कंट्रोलरच्या टेस्टिंगमध्ये मी बरीच वर्षं आहे. सध्या हिल बेंच सांभाळते, म्हणजे ईसीयू खरा आणि त्याच्याभोवतीची गाडी कॉम्प्युटरने उभी केलेली.

समज, ग्राहकाकडून आलेली रिक्वायरमेंट अशी आहे: "काच आपोआप वर जात असताना अडथळा आल्यास काच थांबून खाली यावी." वाचायला अगदी स्वच्छ. रिव्ह्यूमध्ये सगळे मान डोलावतात. आता हिची टेस्ट लिहायला बस. आज, कोड नसताना. पहिल्याच ओळीला अडशील.

अडथळा कशाला म्हणायचं? किती जोर लागला की? युरोपच्या गाड्यांना लागू असणाऱ्या आर २१ नियमात ही मर्यादा १०० न्यूटन आहे, आणि काचेच्या वरची फट २०० ते ४ मिलिमीटर असेल तेवढ्याच पट्ट्यात ती पाळायची आहे. ४ मिलिमीटरच्या आत अडथळा ओळखायचाच नाही, नाहीतर काच रबरात नीट बसणारच नाही. मग ४ मिलिमीटरवर नेमकं काय व्हायला हवं, आणि ५ वर? जोर मोजायचा कशाने? साध्या लाकडी ठोकळ्याने मोजलास तर एक आकडा येईल, मिलिमीटरला १० न्यूटन कडकपणाच्या स्प्रिंगने मोजलास तर वेगळा. बॅटरी ९ व्होल्टवर असताना किती? १६ वर किती? कडाक्याच्या थंडीत दाराचं रबर ताठ होतं, तेव्हा काच त्या रबरालाच अडथळा समजून खाली येत राहिली तर? गाडी खड्ड्यात आदळली आणि काचेला हिसका बसला तर? आणि खाली म्हणजे किती खाली? नियमात मागे येण्याचे एकाहून जास्त पर्याय दिलेत. आपण त्यातला कोणता घेतला हे कुठे लिहिलंय?

हे सगळे प्रश्न टेस्ट लिहिणाऱ्याला पडतात. रिक्वायरमेंट लिहिणाऱ्याला पडत नाहीत, कारण त्याच्या डोळ्यांपुढे नीट चालणारी काच असते. टेस्ट लिहिणाऱ्याला इनपुट काय द्यायचं आणि उत्तर काय यायला हवं हे आकड्यात लिहावं लागतं, आणि आकडा नसेल तर त्याची लेखणी तिथेच थांबते. तुझं डावीकडचं काम ते हेच. लेखणी जिथे थांबली ती जागा त्याच दिवशी रिक्वायरमेंट लिहिणाऱ्यापुढे ठेवायची. आज विचारलंस तर एक ओळ बदलते. बेंच उभा राहिल्यावर विचारलंस तर कदाचित मोटर बदलावी लागते, आणि तोवर मोटरची ऑर्डर गेलेली असते.

म्हणून व्हीच्या डाव्या आणि उजव्या पायऱ्या जोडणाऱ्या आडव्या रेघांकडे बघ. लोक दोन तिरप्या रेघा पाठ करतात आणि आडव्या विसरतात. ग्राहकाची गरज लिहिली जात असताना गाडीतली ॲक्सेप्टन्स टेस्ट लिहायची, सिस्टिम रिक्वायरमेंट लिहिताना सिस्टिम टेस्ट, आर्किटेक्चर ठरताना इंटिग्रेशन टेस्ट, डिटेल्ड डिझाइनच्या वेळी युनिट टेस्ट. चालवायच्या सगळ्या नंतर, उलट्या क्रमाने. लिहायच्या मात्र तेव्हाच. ज्या प्रोजेक्टमध्ये उजवीकडची कागदपत्रं कोड झाल्यावर लिहायला घेतात, तिथे व्ही फक्त बोर्डवर असतो.

आता कव्हरेजबद्दल, कारण तो प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. गाड्यांच्या सुरक्षेसाठी आयएसओ २६२६२ हे मानक आहे, पहिली आवृत्ती २०११ ची, दुसरी २०१८ ची. त्याचा सहावा भाग सॉफ्टवेअरचा. धोका जितका मोठा तितकं कव्हरेज कडक. सगळ्यात वरच्या एएसआयएल डी पातळीला एमसी/डीसी जोरदारपणे सुचवलेलं आहे, म्हणजे एका निर्णयातली प्रत्येक अट एकटीने निकाल बदलू शकते हे दाखवायचं. तीन अटी असतील तर किमान चार टेस्ट.

तुमच्या कोडमध्ये अशी ओळ असेल: ऑटो-अप चालू आहे, आणि फट ४ ते २०० च्या मध्ये आहे, आणि मोटरचा वेग उंबरठ्याच्या खाली गेलाय, तर उलटं फिरव. समज, लिहिताना २०० च्या जागी २० पडलं. टूल कोड वाचणार, त्यातला २० घेणार, २० च्या अलीकडे-पलीकडे टेस्ट बनवणार, चालवणार आणि सगळं हिरवं दाखवणार. कव्हरेज शंभर टक्के, एमसी/डीसीसुद्धा शंभर. आणि २० ते २०० मिलिमीटरच्या फटीत अँटी-पिंच, म्हणजे अडथळा आला की काच खाली आणणारी सोय, बंद. लहान मुलाचं मनगट तिथेच मावतं.

कोड वाचून काढलेली टेस्ट फक्त एवढंच सिद्ध करते की कोड कोडसारखाच वागतो. टेस्ट डिझाइनवरून काढायची, चालवायची, आणि मग कव्हरेज मोजायचं. न गेलेल्या ओळी दिसल्या तर दोनपैकी एक गोष्ट असते. एकतर डिझाइनमध्ये काहीतरी लिहायचं राहिलंय, किंवा तो कोड कोणी न मागता घातलाय. कव्हरेजचा खरा उपयोग तो आहे. तुझ्या लीडला विचार, आधीच्या प्रोजेक्टच्या युनिट टेस्ट कशावरून काढल्या होत्या.

स्प्रिंटवाला_बाणेर

ताईंचं तपशिलाचं बोलणं पटतं, पण मूळ मुद्द्यावर मी सरांच्या बाजूने. सगळं आधी लिहून ठेवायचं आणि मग वर्षभराने तपासायचं, हे आज कोणाला परवडतं? ग्राहक मधेच बदल मागतो. आमच्याकडे रोज रात्री बिल्ड होतो, म्हणजे ताज्या कोडचं चालणारं सॉफ्टवेअर बनतं, सकाळी ऑटोमेशनचा निकाल मेलमध्ये असतो. आकडे काय असावेत हे चालणारी वस्तू हातात घेतल्यावरच कळतं. व्ही म्हणजे वॉटरफॉलला टेस्टिंगचं शेपूट जोडलेलं, एवढंच.

बेंचवाली_कोथरूड

रोज रात्रीचा बिल्ड आमच्याकडेही होतो आणि बेंच रात्रभर चालतो. त्यात आणि व्हीमध्ये भांडण नाही. व्ही हे कॅलेंडर आहे असं धरलं की भांडण सुरू होतं.

गाडीच्या धंद्यात ईसीयूचे नमुने निघतात: ए-सँपल, बी-सँपल, सी-सँपल. ए मध्ये मोटर फिरली आणि काच हलली एवढं पुरतं. बी मध्ये सगळी फंक्शन्स लागतात. सी प्रत्यक्ष उत्पादनाच्या साच्यांतून निघालेला असतो. प्रत्येक सँपलला पूर्ण व्ही एकदा खाली-वर होतो, आणि एखादा बदल मधे आला तर त्याच्यापुरता छोटा व्ही होतो. आलेला बदल कोणत्या रिक्वायरमेंटला लागला, तिथून कोणत्या डिझाइनला, कोणत्या फंक्शनला, आणि त्या प्रत्येकाला बांधलेल्या कोणत्या टेस्ट पुन्हा चालवायच्या, हे ट्रेसेबिलिटीवरून दिसतं. ती नसेल तर रात्रीच्या ऑटोमेशनमध्ये हजार टेस्ट हिरव्या दिसतील, पण आज बदललेल्या ओळीला त्यातली एक तरी शिवली का, हे सांगता येणार नाही.

वॉटरफॉलबद्दलही एक सांगते. ज्या लेखाकडे बोट दाखवून वॉटरफॉल शिकवतात तो विन्स्टन रॉइस यांचा १९७० चा लेख. पायऱ्यापायऱ्यांचं ते चित्र त्यात आहे, पण ते काढून झाल्यावर त्यांनीच लिहिलंय की हे असंच राबवणं जोखमीचं आहे आणि अपयशाला आमंत्रण आहे. कारणही दिलंय: टेस्टिंग शेवटी येतं, आणि वेळेची गणितं, मेमरी, इनपुट-आउटपुट हे सगळं प्रत्यक्षात पहिल्यांदा तिथेच अनुभवाला येतं. त्याआधी ते फक्त कागदावर असतं. पन्नास वर्षांपूर्वीचा हा माणूस आमच्या बेंचवर बसून लिहितोय असं वाटतं मला.

याचंच एक उदाहरण, एका कंपनीतलं, नाव घेत नाही. पॉवर विंडोचाच कंट्रोलर. मोटरवर हॉल सेन्सर असतो, मोटर फिरली की पल्स येतात. दोन पल्समधला वेळ मोजायचा, तो वाढला की मोटर मंदावली, म्हणजे काहीतरी अडलं. वेळ मोजायला १६ बिटांचा काउंटर होता, एक मायक्रोसेकंदाचा टिक. ६५,५३५ झाले की पुन्हा शून्य, म्हणजे साधारण साडेपासष्ट मिलिसेकंदांत चक्कर पूर्ण. एरवी पल्स काही मिलिसेकंदांत येतात, त्यामुळे कोणाला यात काही वावगं दिसलं नाही. डिटेल्ड डिझाइनमध्ये लिहिलं होतं, इनपुट ० ते ६५,५३५. युनिट टेस्टमध्ये ०, १, ६५,५३४, ६५,५३५ सगळं व्यवस्थित तपासलेलं. सगळं पास, आणि प्रामाणिकपणे पास.

बेंचवर व्होल्टेज ९ वर आणलं, रबराचं घर्षण थंडीतल्यासारखं वाढवलं आणि काचेवर हळूहळू भार टाकला. मोटर आधीच मंद होती, आणखी मंदावली. दोन पल्समधलं अंतर ७० मिलिसेकंद झालं. काउंटर मधेच शून्यावरून फिरून आला आणि त्याने दाखवले जेमतेम साडेचार मिलिसेकंद. सॉफ्टवेअरच्या लेखी मोटर जोरात पळत होती. काच दाबत राहिली. फोर्सचा आलेख १०० ची रेघ ओलांडून वर जाताना आम्ही सगळ्यांनी स्क्रीनवर पाहिला.

दोष कोणत्या पायरीचा? कोडचा नाही, कोड डिझाइनप्रमाणे होता. युनिट टेस्टचाही नाही. आर्किटेक्चर ठरवताना पल्स मोजणारं मोड्यूल आणि अडथळा ओळखणारं मोड्यूल यांच्यात "वेळ, १६ बिट" एवढाच करार झाला होता. मोटर जास्तीत जास्त किती मंद फिरेल हे त्यात कुठे नव्हतं. त्या दोन मोड्यूलमधली इंटिग्रेशन टेस्ट तेव्हाच लिहायला घेतली असती, तर लिहिणाऱ्याने पहिलाच प्रश्न केला असता की सगळ्यात मोठं अंतर किती द्यायचं. पण त्या प्रोजेक्टमध्ये इंटिग्रेशन टेस्ट कोड झाल्यावर लिहिल्या गेल्या, आणि कोडमध्ये जे होतं त्यावरूनच लिहिल्या गेल्या. पुढे काउंटर फिरल्याची खूण धरायला लागले आणि ठरावीक वेळ पल्स आला नाही तर मोटर अडकली असं मानायचं, अशी रिक्वायरमेंट आली. दुरुस्ती दोन-चार ओळींची. पण तिच्यासाठी रिलीज थांबलं आणि वरपासून खालपर्यंत सगळ्या टेस्ट पुन्हा चालवाव्या लागल्या.

स्प्रिंटवाले दादा, तुमचा रात्रीचा बिल्ड चांगलाच आहे. पण ७० मिलिसेकंदाची टेस्ट कोणी लिहिलीच नसेल तर तो रोज रात्री काय चालवणार?

स्टुटगार्टकर

इथे जर्मनीत सप्लायरकडे काम करतो, म्हणून थोडी इतिहासाची भर घालतो. व्ही-मॉडेल इथे नुसतं पाठ्यपुस्तकातलं चित्र नव्हतं, सरकारी करारांचा भाग होता. संरक्षण खात्याच्या सॉफ्टवेअरसाठी ते तयार झालं आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सैन्यासाठी लागू झालं. मग १९९७ ची आवृत्ती आली, आणि २००५ मध्ये व्ही-मॉडेल एक्सटी. त्यात प्रोजेक्टच्या आकाराप्रमाणे काय ठेवायचं, काय गाळायचं हे ठरवायची सोय आहे. अमेरिकेत सिस्टिम इंजिनिअरिंगवाल्या फोर्सबर्ग आणि मूझ यांनीही १९९१ मध्ये स्वतंत्रपणे व्ही मांडला होता. एकाच्या डोक्यातून निघालेली गोष्ट नाही ही.

प्रश्न विचारणाऱ्या मित्राला एक कामाची गोष्ट. तुमचा ग्राहक युरोपियन असेल तर एस्पाइसचं, म्हणजे गाड्यांचं सॉफ्टवेअर बनवायची पद्धत तपासणाऱ्या चौकटीचं, असेसमेंट होणार. त्यात सॉफ्टवेअरच्या सहा प्रोसेस आहेत, एसडब्ल्यूई १ ते ६. पहिल्या तीन व्हीच्या उतरणीवर, पुढच्या तीन चढणीवर. जोडी ओळखायची तर बेरीज सात करायची: १ ची ६ शी, २ ची ५ शी, ३ ची ४ शी. असेसर येतो तेव्हा फाइल चाळत बसत नाही. एक रिक्वायरमेंट उचलतो आणि म्हणतो, हिची टेस्ट दाखवा. मग एक टेस्ट उचलतो, ही कोणत्या रिक्वायरमेंटची? दोन्ही दिशांनी धागा लागायला हवा. तारखाही बघतो. रिक्वायरमेंट मार्चची आणि तिच्या टेस्टचा रिव्ह्यू रिलीजच्या आदल्या दिवशीचा असेल तर चेहरा बदलतो.

हिंजवडी_फेज३

ताई, काल तुमचं वाचून रिक्वायरमेंटची फाइल घेऊन बसलो. "त्वरित", "सहजपणे", "योग्य वेळेत" असे शब्द खुणा करत गेलो आणि पहिल्या पानातच हायलाइटर भरपूर वापरला गेला. लीड म्हणाले, सोमवारच्या रिव्ह्यूला तूही ये.

एक शंका राहिली. सगळे आकडे भरले, सगळ्या जोड्या जुळल्या, प्रत्येक रिक्वायरमेंटला टेस्ट आणि प्रत्येक टेस्टला रिक्वायरमेंट, सगळं पास. मग गाडी सुरक्षित, असं म्हणता येतं का?

बेंचवाली_कोथरूड

नाही म्हणता येत. आणि हे तू आत्ता विचारलंस याचा मला खरंच आनंद झाला, कारण व्हीची सगळ्यात मोठी मर्यादा तीच आहे. उजवी बाजू फक्त डावीकडे लिहिलेलं तपासते. डावीकडे जे कोणी लिहिलंच नाही ते उजवीकडे सापडायचा नियमित मार्ग नाही.

एरियन ५ या युरोपच्या रॉकेटचं पहिलं उड्डाण, ४ जून १९९६, फ्रेंच गयाना. इंजिन पेटल्यावर चाळीस सेकंदांच्या आत रॉकेट भरकटलं, तुटलं, आणि क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह त्यासोबत गेले. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर आधीच्या एरियन ४ रॉकेटवरून घेतलेलं होतं. त्यात आडव्या वेगाशी संबंधित एक ६४ बिटांची संख्या १६ बिटांत बसवायची होती, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६७. एरियन ४ वर ती कधी एवढी व्हायचीच नाही. एरियन ५ चा आडवा वेग पाचपट भरभर वाढायचा. संख्या मावली नाही, आधी राखीव यंत्रणा बंद पडली आणि क्षणात मुख्यही, कारण दोन्हींत तेच सॉफ्टवेअर. त्यातली खंत वाटावी अशी गोष्ट म्हणजे हे गणित करणारा भाग उड्डाणापूर्वीच्या जुळणीसाठी होता. रॉकेट उचललं गेल्यावर एरियन ५ ला त्याची गरजच नव्हती.

निष्काळजीपणाने झालं असं म्हणू नकोस. अशा सात चलांचा त्यांनी विचार केला होता. चारांना संरक्षण दिलं, तीन मोकळे ठेवले, कारण प्रोसेसरवरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता आणि एरियन ४ च्या आकड्यांप्रमाणे त्या तिघांना धोका नव्हता. तो निर्णय विचार करून घेतलेला होता.

चौकशी अहवालातली मला कायम लक्षात राहिलेली बाब वेगळीच आहे. त्या यंत्रणेच्या स्पेसिफिकेशनमध्ये एरियन ५ च्या उड्डाणमार्गाची माहिती घातलेलीच नव्हती. डावीकडे नव्हती, म्हणून उजवीकडे कोणी त्या मार्गावर ती यंत्रणा चालवून पाहिली नाही. आणि वरच्या पातळीच्या सिस्टिम सिम्युलेशनमध्ये खऱ्या यंत्रणेच्या जागी तिची नक्कल जोडलेली होती, कारण ती यंत्रणा आधीच पात्र ठरलेली. अपघातानंतर खरा उड्डाणमार्ग घालून सॉफ्टवेअर चालवलं तेव्हा तीच घटना जशीच्या तशी घडली. टेस्ट करता येत होती. मागणारं कोणी नव्हतं.

म्हणून तुझ्या प्रोजेक्टमध्ये "आधीच्या गाडीतून जसंच्या तसं घेतलंय" असं कोणी म्हणालं की तिथे थांब. आधीच्या गाडीची काच केवढी होती, मोटर कोणती, रबर कोणत्या कंपनीचं, बॅटरीची रेंज काय धरली होती, हे विचार. कोड तोच असेल, पण भोवतालची गाडी बदलली तर जुन्या टेस्टचा निकाल नव्या गाडीला लागू होत नाही.

आणि व्हीचं सगळ्यात वरचं टोक कधी कागदावर उरकू देऊ नकोस. खऱ्या दारात, खऱ्या काचेत, जोर मोजणारं फोर्स गेज धरून, आणि शक्यतो ज्याने रिक्वायरमेंट वाचलेली नाही अशा माणसाच्या हाताने. आमच्याकडे एकदा गाडीच्या फेरीत एका ड्रायव्हरने काच वर जाताना दार आपटलं. दार आपटताना काच चालू असेल अशी ओळ कोणाच्याच फाइलमध्ये नव्हती. त्याने ते ठरवून केलं नव्हतं, घाईत होता. त्या दिवशी रिक्वायरमेंटमध्ये एक ओळ वाढली आणि तिच्या शेजारी टेस्टचा नंबर.

नाडीयंत्र_नाशिक

मी रुग्णालयातल्या मॉनिटरच्या सॉफ्टवेअरवर काम करते. आमच्याकडे वैद्यकीय उपकरणांच्या सॉफ्टवेअरचं मानक आयईसी ६२३०४, २००६ चं. गंमत नाही, पण लोक मला सांगतात की हे मानक व्ही-मॉडेलची सक्ती करतं. करत नाही. कोणतंही मॉडेल वापरा, पण कामं आणि त्यांचे पुरावे दाखवा, असं ते म्हणतं. सॉफ्टवेअरचे ए, बी, सी असे वर्ग आहेत. सी म्हणजे बिघाडाने जीव जाऊ शकतो किंवा गंभीर इजा होऊ शकते. आम्ही स्प्रिंटमध्येच काम करतो, पण प्रत्येक स्टोरीला तिची टेस्ट आणि तिचा धोका दोन्ही बांधलेले असतात, आणि टेस्टचा मजकूर मंजूर झाल्याशिवाय स्टोरी कोडिंगला जात नाही. ताई म्हणतात ती आडवी रेघ आम्ही ठेवली, तिरप्या रेघा तुकड्यांत केल्या. स्प्रिंटवाल्या दादांनाही यात फारसं वावगं वाटू नये.

स्प्रिंटवाला_बाणेर

हे पटलं. टेस्ट मंजूर झाल्याशिवाय स्टोरी घ्यायची नाही, हा नियम आमच्या टीममध्ये मांडून बघतो. विरोध होणार, कारण पहिले दोन स्प्रिंट संथ जातील.

हिंजवडी_फेज३

सोमवारच्या रिव्ह्यूला तासभरच मिळणार आहे आणि माझ्याकडे शंकांची मोठी यादी झालीय. पहिल्यांदाच बोलणार आहे त्या खोलीत. कशापासून सुरू करू?

बेंचवाली_कोथरूड

शब्दांच्या शंका ई-मेलने पाठव, त्यावर बैठकीचा वेळ घालवू नकोस. खोलीत फक्त अँटी-पिंच घे. एक तक्ता करून ने: आडवे रकाने व्होल्टेजचे, ९, १२, १६. उभे रकाने तापमानाचे, तुमच्या स्पेसिफिकेशनमधली दोन टोकं आणि मधलं एक. प्रत्येक चौकटीत दोनच गोष्टी विचार. इथे मोटरचा सगळ्यात कमी वेग किती, आणि इथे जोर किती न्यूटनच्या आत राहायला हवा. मोटरचा आकडा सॉफ्टवेअरवाल्यांकडे नसेल, तो मोटरच्या माणसाकडे असतो, म्हणून लीडला आजच सांग की त्यालाही बोलव. बऱ्याच चौकटी रिकाम्या राहतील. राहू देत. प्रत्येक रिकाम्या चौकटीवर एक नाव आणि एक तारीख लिहून घेतल्याशिवाय खोलीतून उठू नकोस, आणि तक्ता त्याच दिवशी रिक्वायरमेंटच्या टूलमध्ये चढव. त्या चौकटी भरल्या की तुझ्या सिस्टिम टेस्टचा निम्मा भाग लिहून झालेला असेल.